चोपदाराची नजर

भानुमतीबाईंच्या पत्राला व्यंकटरावांनी कधी उत्तर दिलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एवढंच, की उत्तर त्यांनी पुष्कळदा लिहायला घेतलं होतं. 'सप्रेम नमस्कार' बिनतक्रार उतरे. 'आपले पत्र पावले' इथवरही काही अडत नसे. त्यापुढं एका साध्या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणायचं होतं. तिथं आलं की पेन थांबे, टोपण लागे आणि कागद घडी होऊन जाडजूड शब्दकोशाच्या पानांत जाऊन बसे. वर्षं उलटली. शब्दकोश आता नीट मिटतही नव्हता.

व्यंकटराव शाळेतून चित्रकलेचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेले. औरंगाबादेत, पुंडलिकनगरात मुलाच्या घरी पुढची खोली त्यांची होती. आल्यागेल्याशी बोलावं लागू नये म्हणून ते तिचं दार लोटून बसत आणि कुणी आलंच नाही तर आज कुणी का आलं नाही म्हणून दार किलकिलं करून बघत. त्या खोलीत भिंतीवर काही नव्हतं. जे होतं ते टेबलाच्या खणात, दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये, मलमलीत गुंडाळलेलं.

पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत औरंगाबादेतल्या कित्येक हवेल्या रिकाम्या झाल्या. कुणी हैदराबादला गेलं, कुणी त्याच्याही पलीकडं. शहागंजात हातगाड्यांवर झुंबरं, हुक्के, फारसी पुस्तकं ढिगानं विकायला येत. व्यंकटराव तेव्हा नुकते नोकरीला लागले होते. एका ढिगातून एक पुस्तक उचललं, तर त्यातून सुटा कागद घरंगळला. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीनं कोरून, शाई भरून काढलेलं छापचित्र. तीन-चारशे वर्षांपूर्वीचं, फिरंगी मुलखातलं. हवेलीत ते कसं पोचलं, कोण जाणे. गाडीवाल्यानं पुस्तकाचे पैसे घेतले आणि कागद तसाच देऊन टाकला.

चित्र येशूचं होतं. एका उंच चौथऱ्यावर हात बांधलेला येशू उभा, डोक्यावर काट्यांचा मुकुट. शेजारी रोमन सुभेदार पिलात त्याच्या झग्याचं टोक उचलून लोकांना दाखवतो आहे. खाली गर्दी, आपल्याकडं पाठ करून हात उंचावणारी. चित्राखाली लॅटिनमध्ये एक ओळ होती. छावणीतल्या चर्चच्या पाद्रीसाहेबांकडून व्यंकटरावांनी ती वाचून घेतली होती: 'पाहा, हा माणूस.' असले कागद लोक प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवत, मांडीवर पसरत आणि बघत बसत, हेही त्यांनीच सांगितलं.

पण व्यंकटरावांना वेड लावलं ते भलत्याच गोष्टींनी. पिलाताचा महाल दगडी होता, मग पुढचा चौथरा लाकडी फळ्यांचा कशाला? भिंग धरलं की फळ्यांच्या कडेला खिळ्यांची डोकी दिसत. उघड्या चौकात वर दोरीला पडदा कुणी बांधला, आणि बांधून बाजूला का सारला? शिपाई यरुशलेमचे, पण त्यांच्या टोप्या कोरणाऱ्याच्या स्वतःच्या गावातल्या. नाटकाला गावातून मागून आणाव्यात तशा. आणि सगळ्यांत मोठं नवल म्हणजे उजव्या कोपऱ्यातला माणूस. सगळी गर्दी येशूकडं बघते आहे आणि हा एकटा तिच्याकडं पाठ करून, हातात काठी घेऊन, चित्राबाहेर बघतो आहे. एक हात मागं, चौथऱ्याकडं. कोरणाऱ्यानं घडलेला प्रसंग काढलेलाच नाही, त्या प्रसंगाचं नाटक काढलंय, असं व्यंकटरावांना वाटू लागलं.

बऱ्याच वर्षांनी त्यांनी धीर करून यावर एक लेख लिहिला. तो त्यांचा पहिला आणि शेवटचा. शहरातल्याच एका त्रैमासिकात तो छापून आला. त्यात त्यांना स्वतःला आवडलेलं एक वाक्य होतं: 'आमच्या लळितातला चोपदार जसा प्रेक्षकांकडे पाहून ललकारी देतो, तसाच हा कोपऱ्यातला माणूस आपल्याकडे पाहून म्हणतो आहे, बघा.' लळीत म्हणजे देवाच्या नवरात्राच्या शेवटी देवळात होणारा सोंगांचा खेळ. लहानपणी आजोळी, नृसिंहाच्या देवळात त्यांनी तो पाहिला होता.

त्या वाक्यावरच भानुमतीबाईंचं पत्र आलं होतं. त्या हैदराबादच्या एका संग्रहालयात काम करीत आणि त्याच चित्राची दुसरी प्रत त्यांच्याकडं होती. लेख आवडल्याचं लिहून त्यांनी विचारलं होतं: 'आमचं घर तीन पिढ्या हैदराबादेत. मी लळीत कधी पाहिलं नाही. चोपदार खरोखर प्रेक्षकांकडे पाहतो का? रागावू नये, उत्सुकता म्हणून विचारते.'

रागावण्याचा प्रश्नच नव्हता. व्यंकटराव हसले होते आणि 'हो तर' असं लिहायला बसले होते. बाईंना नीट सांगावं म्हणून त्यांनी डोळे मिटून सगळं आठवलं. कलती उन्हं. खाली गार दगड. तोंडाला पिवडी फासलेला चोपदार, चांदीचा कागद चिकटवलेली काठी, आणि थेट आपल्यावर रोखलेले डोळे. त्याच्या मागं माणसांची तोंडं. तंबाखू चघळणारा एक म्हातारा, पदर दातांत धरलेली एक बाई, बापाच्या खांद्यावरचं पोर.

आणि तिथंच पेन थांबलं होतं. ही तोंडं आपल्याला दिसली कशी? आपण प्रेक्षकांत बसलो असू तर आपल्याला लोकांच्या पाठी दिसायला हव्यात, पागोटी दिसायला हवीत. मग आपण पाहिलं ते काय? का पाहिलंच नाही, नंतर मनानं रचलं? या शंकेनं जे धरलं ते सोडलं नाही. आजोबा वारले तेव्हा व्यंकटराव लहान होते. मामा परभणीला गेले आणि आजोळच तुटलं. विचारायला कुणी उरलं नव्हतं, आणि असतं तरी व्यंकटरावांनी विचारलं असतं असं नाही.

हे असंच शब्दकोशात मिटून राहिलं असतं. पण त्या चैत्रात भानुमतीबाईंचं दुसरं पत्र आलं. त्या निवृत्त होणार होत्या. जाण्याआधी संग्रहालयातल्या छापचित्रांचं पुस्तक निघणार होतं आणि या चित्राखाली त्यांना व्यंकटरावांचं ते वाक्य, व्यंकटरावांच्या नावानं, छापायचं होतं. 'ज्येष्ठात छपाई सुरू होईल. आपलं काही म्हणणं असल्यास कळवावं. न आल्यास लेखातलं वाक्य जसंच्या तसं घेते.'

व्यंकटरावांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि पाणी मागितलं. इतके दिवस गप्प राहणं म्हणजे काहीच न करणं होतं. आता गप्प राहिलं की ते वाक्य खरं आहे असं सांगितल्यासारखं होणार होतं. आणि खोटं आहे म्हणावं, तर आयुष्यात सुचलेली एकुलती एक गोष्ट आपल्याच हातानं पुसायची.

सून उमा शाळेत शिक्षिका होती. तिला मे महिन्याची सुटी लागली होती. पाण्याचा तांब्या ठेवता ठेवता तिनं काय झालं ते काढून घेतलं.

"मग जाऊन बघून यायचं की, बाबा. लळीत होतं का अजून तिथं?"

व्यंकटराव म्हणाले, होतं म्हणे, पण आता तिथं मला कोण ओळखणार.

"नाही ओळखलं तर तुम्हाला बरंच की," उमा म्हणाली आणि कॅलेंडरवर नृसिंहजयंती कधी आहे ते बघायला गेली.

वैशाखातल्या चतुर्दशीला दोघं वैजापूरच्या एसटीत बसली. पडेगाव मागं पडलं, तसं व्यंकटरावांना उगाच आलो असं वाटू लागलं. वैजापुरात गाडी बदलताना ते उमाला म्हणाले, ऊन फार आहे, परत फिरू या. उमानं त्यांच्या हातात कापलेली काकडी दिली आणि हिवरथडीच्या जीपमध्ये आधी स्वतः चढून बसली.

हिवरथडी गाव गोदावरीकाठचं, नृसिंहाचं देऊळ गावाच्या कडेला. व्यंकटरावांचे आजोबा एकेकाळी तिथले पुजारी. देवळामागच्या पडवीत सोंगं रंगत होती. हिरण्यकश्यपूच्या शिपायांनी कंबरेला रुंद पट्टे आवळले होते. पोलीस ॲक्शनच्या वेळी चौकीतले निजामाचे शिपाई हे पट्टे टाकून गेले, ते तेव्हापासून राक्षसांच्या कामी आले, असं एक जण सांगत होता. एका राक्षसाला पट्टा कमी पडला म्हणून त्यानं लेकाचा एनसीसीचा बांधला होता. व्यंकटरावांना यरुशलेमच्या शिपायांच्या टोप्या आठवल्या आणि एवढ्यासाठी तरी आलो हे बरं झालं असं वाटलं.

चोपदाराचा मान कडूबाच्या घराण्याकडं होता. व्यंकटरावांच्या लहानपणी त्याचा बाप उभा राहायचा. कडूबा आणि व्यंकटराव तेव्हा एकत्र चिंचा पाडायचे. म्हातारा कडूबा आरशासमोर बसून गालाला पिवडी लावत होता. त्यानं आरशातूनच बघितलं.

"व्यंकू का रं तू? लई वाळला."

उमाला हसू आलं. सासऱ्यांना 'व्यंकू' म्हणणारा माणूस तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. व्यंकटरावांनी तब्येतीचं विचारलं, पावसाचं विचारलं, मुलांचं विचारलं. खरा प्रश्न जिभेवर येईपर्यंत कडूबानं दुसऱ्या गालालाही रंग लावला, कपाळाला कुंकवाची चिरी ओढली आणि तोंडावर बोट ठेवलं. रंग पुरा चढला की चोपदारानं ललकारीशिवाय बोलायचं नाही, ही तिथली रीत. व्यंकटराव आपलं नशीब म्हणून बाहेर आले.

नृसिंह ना दिवसा प्रकटला ना रात्री, त्यामुळं तिथला खेळ उन्हं कलली की सुरू होतो आणि सूर्य टेकता टेकता संपतो. देवळाच्या अंगणात, गाभाऱ्यापासून दूरच्या टोकाला, कामट्या आणि रंगीत कागदांचा खांब उभा केला होता. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, खांबाच्या मागंही दाटीवाटीनं माणसं. पण खांबापासून गाभाऱ्याच्या दारापर्यंत मधला पट्टा सरळ मोकळा होता. सोंगं त्यातच नाचत. उमा तो ओलांडून बायकांकडं जायला निघाली, तर भागूबाई नावाच्या एका म्हातारीनं तिला मागं ओढलं.

"मधून जाऊ नगं, पोरी. देवाच्या डोळ्याम्होरून जातंय व्हय कुणी? कडंकडंनं ये."

खेळ देवाला दाखवायचा होता. माणसांनी बघितला तर बघितला. व्यंकटरावांना पुरुषांच्या बाजूला, भिंतीपासून जरा पुढं जागा मिळाली. ढोलकी वाजली. गणपती नाचून गेला, सरस्वती मोरावर बसून गेली, आणि मग कडूबा काठी आपटत आला.

"आस्ते कदम, निगाऽ रखो महाराज."

व्यंकटराव पुढं वाकून बघत राहिले. त्यांना कडूबाचा एक कान दिसत होता. पुढं गेला की पाठ दिसे. ललकारी संपेपर्यंत त्यानं लोकांकडं एकदाही पाहिलं नाही. तो गाभाऱ्याकडं तोंड करूनच उभा राहिला, गाभाऱ्याकडं बघतच मागं सरला. पुढच्या सोंगाला परत आला तेव्हाही तसंच.

म्हणजे वाक्य खोटं होतं. इतकी वर्षं जे वाटत होतं तेच. गंमत अशी की व्यंकटरावांना फार वाईट वाटलं नाही. फक्त ते डोळे आठवत राहिले. थेट आपल्यावर रोखलेले. ते खोटे असतील असं काही केल्या मनाला पटेना. त्यांनी समोर पाहिलं. गाभाऱ्याच्या दारात समई होती. दगडी उंबरा मधोमध झिजून वाटीसारखा खोल झाला होता. त्या उंबऱ्यावर बसणाऱ्याला काय दिसेल? चोपदाराचं तोंड दिसेल. आणि त्याच्या मागं, खांबापलीकडं, लोकांची तोंडं.

आजोबा आत पूजेत असत. लहान नातवाला गर्दीत कुणाच्या भरवशावर सोडणार? डोळ्यांसमोर राहावा म्हणून त्याला ते कुठं बसवत असतील?

सूर्य आता झाडांच्या शेंड्यांपर्यंत आला होता. हिरण्यकश्यपू प्रल्हादाला विचारत होता, कुठंय तुझा देव. थोड्या वेळात खांब फुटणार आणि मग वर्षभर काही बघायला मिळणार नव्हतं. भिंतीच्या कडेनं जायला पाय ठेवायला जागा नव्हती. मोकळा होता तो एकच पट्टा, जिथून कुणी जात नाही.

ज्या माणसाला रेशनच्या रांगेत 'माझा नंबर आहे' म्हणता येत नसे, तो माणूस उठला. गुडघे वाजले. धोतराचा सोगा सावरत व्यंकटराव मधल्या पट्ट्यात आले आणि गाभाऱ्याकडं चालू लागले. ढोलकीवाल्याचा हात चुकला. हिरण्यकश्यपूनं उगारलेली तलवार तशीच धरून वाट बघितली. बायकांच्या बाजूला उमानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. सगळं अंगण बघत होतं. तेवढ्यात कडूबाची काठी आपटली.

"आस्ते कदम. शहराचे पाव्हणे दरबारात आले होऽ, वाट द्या."

हशा पिकला, ढोलकी पुन्हा लागली, आणि त्या हशाच्या आडोशानं व्यंकटराव उंबऱ्यावर जाऊन बसले. आताच्या पुजाऱ्यानं 'काय हे' अशा नजरेनं बघितलं आणि समई जरा बाजूला घेतली.

दगड गार होता. त्यांनी मान वर केली. सगळं जिथल्या तिथं होतं. सोंगांच्या मागं माणसांची तोंडं होती, कुणी चघळत होतं, कुणाच्या खांद्यावर पोर होतं. नावं निराळी असतील, पण ती ओळ तीच होती. काही मनानं रचलेलं नव्हतं. कडूबा पट्ट्याच्या मध्यावर आला आणि त्यानं डोळे रोखले. अगदी तसेच. व्यंकटराव लहान मुलासारखे बघत राहिले.

कडूबानं काठी आपटली आणि ललकारीच्याच सुरात म्हणाला,

"निगाऽ रखो. व्यंकोबा महाराज, मान खाली घ्या. देवाला दिसंना."

पुन्हा हशा झाला. व्यंकटरावांनी झटकन मान खाली घातली आणि तशातच वळून मागं बघितलं. जिथं क्षणापूर्वी त्यांचं डोकं होतं, त्याच्या बरोबर मागं समईच्या उजेडात नृसिंहाचे चांदीचे डोळे होते. लहानपणी त्यांचं डोकं त्या डोळ्यांच्या खालीच राहत असणार. चोपदार त्यांच्याकडं कधी बघतच नव्हता. त्यांच्या डोक्यावरून बघत होता. ते फक्त त्या वाटेत बसलेले असत.

खांब फुटल्याचा आवाज आला, कागद उडाले, गुलाल उडाला. व्यंकटरावांना ते काही नीट दिसलं नाही. ते मान खाली घालून उंबऱ्यावर बसले होते आणि स्वतःशीच हसत होते.

रात्र वैजापुरात उमाच्या मावशीकडं काढून दुसऱ्या दिवशी दोघं घरी आली. व्यंकटरावांनी हातपाय धुतले, खण उघडला आणि चित्र खिडकीपाशी नेलं. भिंग त्या कोपऱ्यातल्या माणसावर धरलं. त्यानं गर्दीकडं पाठ केली होती. प्रेक्षक तर चित्रातच होते, फळ्यांच्या चौथऱ्यापुढं हात उंचावून उभे. ज्यांना बघा म्हणायचं ते सगळे बघतच होते. मग हा वळून कुणाला दाखवतो आहे? हे चित्र मांडीवर घेऊन बसलेल्या माणसाला? का त्या बसलेल्या माणसाच्या डोक्यावरून, त्याच्या मागं जो आहे त्याला?

त्यांनी बुबुळं तपासली. कोरणाऱ्यानं कोरणीचे दोन लहान फटके मारले होते, बस. कागद सरळ धरला की ती समोर बघत. जरा कलता धरला की वर बघताहेत असं वाटे. उमाला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, समोर. मग म्हणाली, थांबा, वर. मग म्हणाली, बाबा, मला डोकं दुखायला लागलंय.

संध्याकाळपर्यंत पत्र झालं. ते असं होतं:

'सप्रेम नमस्कार. आपण विचारलं त्याचं उत्तर नाही असं आहे. चोपदार प्रेक्षकांकडे पाहत नाही. माझं वाक्य छापू नये. मी लहानपणी ज्या जागी बसत होतो ती जागा प्रेक्षकांची नव्हती, देवाच्या दाराची होती, आणि ते मला काल कळलं. चोपदार देवाकडे पाहतो, लोक त्याच्या पाठीशी असतात. आपल्या चित्रातही लोक त्या माणसाच्या पाठीशी आहेत. तेव्हा तो आपल्याकडे पाहतो असं मी जे समजलो, ते कदाचित आपण त्याच्या नजरेच्या वाटेत बसल्यामुळे असेल. तिकडच्या कोरणाऱ्यानं लळीत पाहिलेलं नव्हतं, आणि मी तिकडचं नाटक पाहिलेलं नाही. त्यामुळे हेही चूक असू शकेल. फळ्यांचे खिळे मात्र चूक नाहीत, ते आपण भिंगातून पाहावेत. चित्राखाली काही छापायचंच असेल तर एवढं छापावं: प्रेक्षक चित्रातच आहेत. हा माणूस त्यांच्याकडे पाठ करून कुणाकडे पाहतो आहे? उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी.'

उमानं वाचलं. चित्राखाली प्रश्न कुणी छापतं का, असं तिनं विचारलं.

"नाही छापला तर नाही," व्यंकटराव म्हणाले. "बाईंनी विचारलं होतं, तेवढं सांगून झालं."

पत्र त्यांनी पाकिटात घातलं, डिंक लावला, पत्ता दोनदा वाचला. उमा सकाळी शाळेच्या कामाला जाताना टाकते म्हणाली. ते नको म्हणाले. चपला घालून ते स्वतःच कोपऱ्यावरच्या लाल पेटीपाशी गेले. पेटीसमोर किराणा दुकानाच्या पायरीवर चार माणसं बसली होती आणि चारही जण त्यांच्याकडं बघत होते. एरवी व्यंकटराव हात तसाच खिशात ठेवून पुढं चालत गेले असते. त्यांनी मान जरा खाली घेतली, पाकीट फटीत सरकवलं आणि सोडून दिलं.